गुरुवारची ओल

नारायण पेठ, पुणे
गुरुवार, १६ नोव्हेंबर २००६

प्रिय योगेश,

तुझी ई-मेल पोहोचली. ती आपल्या माती-परीक्षण लॅबच्या पत्त्यावर आली, त्यामुळे मला ती सरांना मोठ्याने वाचून दाखवावी लागली. रावसाहेब सरांचा मोतीबिंदू आता चांगलाच पिकलाय. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात, बघण्यासारखं काय उरलंय? 'मी तुम्हा सर्वांना आठवत असेन अशी आशा आहे' हे तुझं पहिलं वाक्य ऐकून ते म्हणाले, त्याला कळव, आम्ही इथेच आहोत, विसरायला आम्हाला सवड मिळालेली नाही. म्हणजे सर बदललेले नाहीत. करीमचाचाही आहेत. फक्त आता ते माती कुटायचा रॅमर उचलत नाहीत, खुर्चीत बसून दुसऱ्याचे ठोके मोजतात. एका थराला पंचवीस. कोणी चोविसावर थांबला तर डोळे मिटलेले असतानाही त्यांना कळतं, आणि मग त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

तू विचारलं होतंस की सप्तपर्णीमधलं सतरा नंबरचं रो हाउस रिसेलला आहे, पुण्याच्या ऑफिसात बदली नक्की झाली आहे, आई-बाबांना जिने चढायला नकोत, मुलीला अंगण हवं आहे, तर 'तू अजून त्याच लाइनमध्ये आहेस असं कळलं, जमीन कशी आहे ते जरा बघून सांगशील का?' मी त्याच दिवशी एका ओळीत उत्तर पाठवलं. घर घेऊ नये, का ते पत्राने कळवते. ते 'नये' मी मुद्दाम लिहिलं. 'घेऊ नकोस' असं टाइप करताना बोट अडलं. साडेसात वर्षांनी एकदम 'नकोस' म्हणणं जमेना. कागदावर जमतंय असं दिसतंय. आज गुरुवार, सकाळपासून वीज नाही, ओव्हन बंद, सर घरी गेलेत, चाचा नमाजाला गेलेत. दुपारचे दोन वाजलेत आणि खिडकीतून टेबलापुरता उजेड येतोय. एवढा पुरेल.

तर ते घर घेऊ नकोस. बयाणा देऊ नकोस, 'एकदा बघून तर येऊ' असंही म्हणू नकोस, कारण बघितलंस तर तुला आवडेल. मालकाने भिंतींना आतून-बाहेरून ताजा रंग दिलाय आणि तो कशासाठी दिलाय हे मला माहीत आहे. इंटरनेटवरच्या फोटोत तू कमान पाहिली असशील, लाल कौलं पाहिली असशील, कारंजं पाहिलं असशील. कारंजं फोटोपुरतंच चालू होतं. पण खाली पत्त्यात सर्व्हे नंबर दिला होता. तो तू वाचला नाहीस, घर घेणारं माणूस कधीच वाचत नाही. मी वाचला. ती कात्रजच्या अलीकडची धोत्र्यांची खाण आहे, योगेश. नव्याण्णव साली जानेवारीपासून मार्चपर्यंत तू रोज लूनाच्या मागे वाळूचा डबा बांधून जायचास ना, तीच. तुला ओळखू येणं शक्यच नव्हतं. तेव्हा तिथे कमान नव्हती, बाभळी होत्या आणि वीस फूट खोल खड्डा होता. तुझ्या सतरा नंबरच्या घराखाली तो खड्डा भरलेला आहे आणि त्या भरावात तू स्वतः गुडघ्यांवर बसून खणलेली भोकं आहेत.

कोबोल, जावा आणि पुढच्या ज्या काही भाषा तू शिकला असशील, त्यांच्याखाली हे सगळं दबलं असेल, म्हणून आठवण करून देते. भरावाचा थर टाकायचा, त्यावर रोलर फिरवायचा, मग थरात वीतभर भोक पाडायचं. निघालेली माती तोलायची. भोकात कोरडी वाळू ओतून त्याचं माप घ्यायचं. माती किती आणि जागा किती हे कळलं की ती किती घट्ट बसली ते कळतं. पण त्या वजनात पाणीही असतं, म्हणून ओल किती ते काढून वजा करायची. ओल काढायला आपल्याकडे ओव्हन होता. चोवीस तास माती भाजायची, दुसऱ्या दिवशी आकडा. आणि गुरुवारी वीज नसली की कार्बाइडची बाटली. पाच मिनिटं हलवायची, काट्यावर आकडा तयार. कॉन्ट्रॅक्टरला गुरुवार फार आवडायचा. इतर दिवशी त्याला उद्यापर्यंत थांबावं लागे, गुरुवारी अर्ध्या तासात पुढचा थर. तो गुरुवारी जादा रोलर आणायचा हे तुला आठवत असेल. तूच येऊन नक्कल करून दाखवायचास त्याची.

आणि सरांचा नियम. तो तू विसरला असलास तर मात्र मी तुझ्याशी बोलणार नाही. खड्डा खणणाऱ्याने हिशोब करायचा नाही. साइटवरचा माणूस आकडे आणेल, भागाकार लॅबमधलं माणूस करेल. सर म्हणायचे, ज्याने उन्हात बसून खड्डा खणलाय त्याला तो पास व्हावा असं वाटणारच. त्यात त्याचा दोष नाही, पण म्हणून त्याच्या हातात पेन्सिल द्यायची नाही. म्हणून तू खणायचास आणि मी भागायचे. शिवाय बाटलीचा आकडा ओव्हनच्या आकड्यासारखा नसतो. बाटली सांगते ओल्या मातीच्या शंभरात पाणी किती. आपल्याला हवं असतं कोरड्या मातीच्या शंभरामागे किती. काट्यावर अठरा आले तर अठरा लिहायचे नाहीत. अठराला उरलेल्या ब्याऐंशीने भागायचं, शंभरामागे बावीस येतात, ते लिहायचे. तू तक्त्याच्या डोक्यावर 'बाटली' असं लिहून आणायचास आणि मी ते वाचून भागायचे. दोन वर्षं आपण असं काम केलं आणि एकदाही चुकलो नाही.

मला त्या दोन वर्षांतली गच्ची आठवते. चाळलेली वाळू उन्हात पसरायची आणि मांजरांपासून राखायची, हे काम सरांनी आपल्या दोघांना दिलं होतं, कारण करीमचाचांना मांजरांची दया यायची. आपण पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचो. तुझ्या मांडीवर कॉम्प्युटर क्लासचं जाडजूड पुस्तक, माझ्या हातात मांजरांसाठी छत्री. खाली रॅमरचे ठोके. समोरच्या बिऱ्हाडाने दारावर लावलेली पाटी तुला आठवते? 'दुपारी एक ते चार माती कुटू नये. मातीला घाई नसते.' तू ती पाटी वाचून हसलास की मला उगीचच वाटायचं की ती मीच लिहिली आहे. तेव्हा सिव्हिलची निम्मी मुलं संध्याकाळी कोबोल शिकत होती. सन दोन हजारच्या आत जगातले सगळे कॉम्प्युटर दुरुस्त करायला पुण्यातून माणसं हवी होती. तू एकदा म्हणालास, तिकडे जरा जम बसला की आपलं बघू. पुण्यात 'बघू' म्हणजे नाही, हे मी जन्मापासून जाणते. तरी तुझ्यापुरता मी अपवाद केला.

मग फेब्रुवारीत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. घरात आई आणि मी. चार आठवडे ते हॉस्पिटलात होते. खाणीचं काम घाईचं होतं, सरांनी माझ्या जागी दुसरं माणूस घेतलं असतं तर त्यांना दोष देता आला नसता, आणि मला ती नोकरी सोडून चालणार नव्हतं. तेव्हा तू म्हणालास, तू सकाळी लॅब उघड, सरांना तोंड दाखव आणि जा. तुझे हिशोब मी संध्याकाळी बसून करतो. मी नको म्हणाले, नियमाची आठवणही करून दिली. तू म्हणालास, नियम माणसांसाठी असतात ना? मी रडले होते तेव्हा. जिन्यात, कोळशाच्या पोत्याशेजारी. कोणी माझ्यासाठी असं काही करेल याची मला सवय नव्हती. दिवसभर खाणीत धूळ खायची, मग क्लास बुडवून माझे भागाकार करायचे, आणि सरांना संशय येऊ नये म्हणून तक्त्याखाली माझ्यासारखंच 'दी.' लिहायचं. अण्णांच्या उशाशी बसून मी घड्याळात सात वाजलेले बघायचे आणि मनात म्हणायचे, आता योगेश माझ्या टेबलावर बसला असेल. त्या चार आठवड्यांत अण्णांची वाचा गेली, डावी बाजू गेली. तरी खरं सांगते, मी आयुष्यात इतकी सुखी कधी नव्हते.

मार्चच्या मध्यावर तू परदेशी गेलास. आम्ही सगळे गाडीपर्यंत सोडायला आलो होतो. चाचांनी तुला शेवयांचा डबा दिला आणि सरांनी अनुभवाचा दाखला. मी काही दिलं नाही. काय द्यायचं ते मला ठरवता आलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी जुने तक्ते फायलीला लावत होते. रिपोर्ट तोवर सरांच्या सहीने गेला होता, खाण वरपर्यंत भरून सपाट झाली होती. तुझ्या हातचे आकडे बघायला मिळतात म्हणून मी एकेक तक्ता सावकाश लावत होते, नाहीतर ते काम तासाभराचं. चार फेब्रुवारीच्या तक्त्यावर माझं बोट थांबलं. ओल अठरा. वर 'बाटली' लिहिलेलं नव्हतं. कसं असेल? लिहायचास ते माझ्यासाठी, आणि त्या दिवशी वाचणाराही तूच होतास. पण चार फेब्रुवारी गुरुवार होता. गुरुवारी ओव्हन नव्हता. मी अठराला ब्याऐंशीने भागलं आणि पुढचा हिशोब पुन्हा केला. तुझ्या तक्त्यात घट्टपणाचे पंच्याण्णव टक्के होते, काठावर पास. माझे ब्याण्णव आले. मग अकरा फेब्रुवारी, अठरा, पंचवीस. चार गुरुवार, चौदा खड्डे. त्यातले अकरा नापास. खाणीचा सगळा पूर्वेकडचा कोपरा त्या चार गुरुवारी वर आला होता.

तू मुद्दाम केलं नाहीस. हे मी तेव्हाही जाणत होते, आजही जाणते. दिवसभर थकून आलेला माणूस, ओव्हनच्या तक्त्यात ओव्हनसारखा आकडा भरून मोकळा झाला. आणि नापास आले असते तर तू पुन्हा तपासलं असतंस. पास आले, मग कोण कशाला तपासतो? सरांचा नियम नेमका यासाठीच होता.

माझ्या टेबलापासून सरांच्या टेबलापर्यंत बारा पावलं आहेत. मी उठले नाही. तेव्हा सांगितलं असतं तर भराव उकरता आला असता, तो कोपरा पुन्हा बसवता आला असता. कॉन्ट्रॅक्टरने आकांत केला असता, सरांनी आपल्या दोघांना फाडून खाल्लं असतं आणि वर्षभरात सगळे विसरले असते. एक वीटही चढली नव्हती अजून. मी स्वतःला सांगितलं की अण्णांचं औषधपाणी आहे, नोकरी जाईल. मग सांगितलं की सर दाखला परत मागवतील आणि तुझं तिकडे काहीतरी बिघडेल. ही दोन्ही कारणं खरी होती, आणि ती नसती तरी मी उठले नसते.

तुझी तीन पत्रं आली. तिन्ही सरांच्या नावाने. बर्फाची हकीकत, गाडी शिकल्याची हकीकत, शेवटी 'चाचा आणि दीपमाला यांना नमस्कार'. दोन हजार एकच्या मे महिन्यात लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर लिहिलं होतं, 'श्री. रावसाहेब आणि स्टाफ'. मी स्टाफ आहे हे मला त्या दिवशी कळलं. पत्रिका सरांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली, आणि मग दोन दिवसांनी स्वतःच काढून घेतली. तुझ्यावर रागवायला मी पुष्कळ प्रयत्न केला. पण तू मला वचन कुठे दिलं होतंस? बघू म्हणाला होतास. बघितलंस.

त्याच वर्षी खाणीवर सप्तपर्णी झाली. दर दिवाळीआधी, पाऊस सरला की मी बसने तिथे जायचे आणि कंपाउंडच्या बाहेरून एक फेरी मारायचे. पूर्वेकडच्या भिंतीशी जरा रेंगाळायचे. पहिल्या वर्षी काही नाही, दुसऱ्या वर्षी काही नाही. मी देवाला नवस बोलले, मातीसाठी नवस बोलणारी मी पहिलीच असेन. तिसऱ्या वर्षी भिंतीत केसाएवढी चीर दिसली. मी मनाला म्हटलं, प्लास्टरची असेल. चौथ्या वर्षी मी गेलेच नाही. अण्णांचा शेवटचा आजार होता हे कारण होतं, आणि कारण मिळालं याचं बरं वाटलं होतं.

या जूनमध्ये लॅबमध्ये फोन आला. सुशीलाबाई म्हणून एक बाई, नऊ नंबरच्या रो हाउसमधल्या, तुझ्या सतरासारख्याच पूर्वेच्या भिंतीकडच्या. सोसायटीच्या जुन्या फायलीत आपल्या रिपोर्टवर फोन नंबर सापडला म्हणाल्या, कोणी येऊन बघून जाल का? मी गेले. कोण जाणार दुसरं? चौसष्ट वर्षांच्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान घरात राहायला आल्यावर वर्षात गेले. मूलबाळ नाही. दिवाणखान्याची फरशी एका बाजूला इतकी कलली आहे की पेन ठेवलं तर गडगडत कोपऱ्यात जातं. भिंतीतल्या तड्यांवर कोणीतरी काचेच्या पट्ट्या चिकटवल्यात, तडा वाढला तर काच फुटावी म्हणून. सातपैकी पाच फुटलेल्या. प्रत्येकीखाली बाईंनी शिसपेन्सिलीने तारीख लिहिली आहे, वळणदार अक्षरात, अगदी फळ्यावरच्यासारखी.

पण मी मोडले ती दुसऱ्याच गोष्टीने. बाईंना बागेचा नाद. बिल्डरचा कोणी इंजिनियर दोन वर्षांपूर्वी येऊन सांगून गेला की तुम्ही झाडांना पाणी फार घालता, त्याने जमीन खचली आणि शेजाऱ्यांच्या भिंतीही तुमच्यामुळेच तडकल्या. बाईंनी ते खरं मानलं. त्या दिवसापासून त्यांनी झाडांना पाणी घातलेलं नाही. अंगणात मोगरा वाळून काटक्या झालाय, कढीपत्ता वाळलाय, कुंड्यांतली माती दगडासारखी झाली आहे. कपडे धुवायला बहिणीकडे नेतात, बसने, पिशवीत भरून. न्हाणीघरात एक तांब्या जास्त सांडला तर पुसून घेतात. दहा नंबरच्या शेजाऱ्यांकडे त्या दिवाळीचा फराळ घेऊन गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, माझ्या हौसेपायी तुमचं घर गेलं हो. शेजाऱ्यांनी फराळ ठेवून घेतला आणि दार लावलं. हे त्या मला सांगत होत्या आणि माझ्यासाठी चहा टाकत होत्या, मोजून दोन कप. जाताना मला विचारलं, तुम्ही यातल्या जाणकार आहात, खरं सांगा, मी आता पाणी पूर्ण बंद केलंय, तर ही जमीन मला माफ करेल का?

मी म्हणाले, रिपोर्ट बघून कळवते. योगेश, रिपोर्ट बघून कळवते असं मी म्हणाले. बाहेर येऊन मला बसस्टॉप सापडेना. पाणी निमित्त झालं असेल, मी नाकारत नाही. पण नीट बसवलेल्या मातीवर कोणी दोन बादल्या पाणी घातलं म्हणून घर खचत नाही. त्यांच्या मोगऱ्याने काही केलेलं नाही. मी केलंय. बारा पावलं न चालून केलंय.

त्यानंतरही मी पाच महिने काढले. जून ते नोव्हेंबर. आपण किती घाबरट असतो ते आपल्यालाच माहीत नसतं. रोज ठरवायचं, उद्या सरांना सांगू. मग तुझी ई-मेल आली. जगातल्या सगळ्या घरांतून तू नेमकं ते घर निवडलंस, आणि आई-बाबांना तिथे ठेवणार म्हणालास, तुझी मुलगी त्या अंगणात खेळणार म्हणालास. तुला 'घेऊ नये' सांगणं सोपं होतं, ते मी पाच मिनिटांत केलं. मग लक्षात आलं की तू घेतलं नाहीस तर ते दुसरा कोणीतरी घेईल, त्याचेही आई-बाबा असतील. आणि नऊ नंबरला सुशीलाबाई असतीलच.

मंगळवारी मी सरांना सांगितलं. तक्ते पुढे ठेवले. त्यांनी भिंग घेतलं, पहिला तक्ता डोळ्यांशी धरला आणि पेन्सिलीने कडेला स्वतः भागाकार केला. आकडे टेबलभर मोठे काढतात आता. ब्याण्णव, असं म्हणाले. मग दुसरा तक्ता, मग तिसरा. चौदाही त्यांनी केले. पाऊण तास गेला, मी उभीच. शेवटी विचारलं, तुला कधी कळलं? मी म्हणाले, नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, चाळीस वर्षांत मी एक बोट वाकडं पडू दिलं नव्हतं ग. तो 'ग' मला फार लागला. शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहू शकले असते. थोड्या वेळाने ते तक्ता पुन्हा डोळ्यांशी नेऊन म्हणाले, हा चारचा आकडा तुझा नाही. तू चारचं पोट बंद करतेस, हा उघडा आहे. मी मान खाली घातली. सरांनी चौदाही तक्ते एकत्र करून माझ्या हातात दिले. लॅबची पाटी उतरवावी लागली तर धुऊन पुसून उतरवू, एवढं बोलून छत्री घेऊन घरी गेले. चाचांना मी अजून सांगितलेलं नाही. लॅब बंद झाली तर ते कुठे बसून ठोके मोजतील, याचा विचार करायला मला धीर होत नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सप्तपर्णीत सोसायटीची सभा आहे. सुशीलाबाईंचं अंगण खणून तिथे फरशी घालायची, असा ठराव मांडायचा आहे, आणि बाईंनी स्वतःच त्याला होकार दिलाय. मी जाणार आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा रविवार होऊन गेलेला असेल, म्हणजे मला अडवण्याची अडचण तुला नको. मी उभी राहून सांगणार आहे की हिशोब तपासणं माझं काम होतं, चूक मला सात वर्षांपूर्वीच दिसली होती आणि मी गप्प बसले, बाईंच्या झाडांचा यात काही दोष नाही. तुझं नाव मी घेणार नाही. तक्त्यांवर ते नाहीच, 'दी.' आहे. हे तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मी एप्रिलमध्ये सरांकडे का गेले नाही, त्याचं खरं कारण मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, आज तुला सांगते. माझ्याकडे तुझं काहीच नाही, योगेश. एक चिठ्ठी नाही, एक फोटो नाही, पत्रं आली ती सरांच्या नावाने. बाकीचे तक्ते फायलीला लागले, माझ्याजवळ एवढे चौदा कागद आहेत. तू थकून येऊन, क्लास बुडवून, माझ्या नावाचं अक्षर माझ्यासारखं काढायचा प्रयत्न केलास, चौदा वेळा, आणि एकदाही ते तुला नीट जमलं नाही. आयुष्यात कोणी माझ्यासाठी जे केलं ते एवढंच, आणि ते चुकलं होतं असं माझ्याच तोंडाने मला म्हणवेना. म्हणून ते मी टेबलाच्या खणात ठेवले आणि वर एका बाईचं घर खचू दिलं. सभेत मूळ कागद द्यावे लागतील, झेरॉक्स कोणी मानणार नाही. सकाळपासून मी ते समोर घेऊन बसले आहे. परत मिळतील असं वाटत नाही, आणि मी मागणारही नाही.

रविवारी दहा वाजेपर्यंत तुझीच,
दीपमाला